कुंडी बदलल्यावर झाड मान टाकतं, तेव्हा काय करायचं?

पावसाच्या पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्या की घराघरांत कुंड्यांची हलवाहलव सुरू होते. लहान कुंडीत दाटलेला मोगरा मोठ्या कुंडीत जातो. नर्सरीतून आणलेल्या गुलाबाची काळी पिशवी फाडली जाते. कढीपत्त्याला रंगाचा रिकामा डबा मिळतो. त्या संध्याकाळी झाड छान दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र पानं लोंबतात, खालची पिवळी पडतात, कळ्या गळतात.

मग घरात धावपळ. अम्मी सकाळी पाणी घालतात, मुलगा शाळेतून आल्यावर घालतो, अब्बा संध्याकाळी परत घालतात. कुणी मूठभर खत टाकतं, कुणी "ऊन कमी पडतंय" म्हणून कुंडी गच्चीवर नेतं, कुणी झाड उपटून मुळं बघतं. पंधरा दिवसांनी झाड खरोखरच मरतं आणि "आमच्या हाताला झाडं लागतच नाहीत" असं म्हणून कुंडी जिन्याखाली जाते.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की अशी बरीचशी झाडं कुंडी बदलल्यामुळे मरत नाहीत. ती नंतरच्या आपल्या घाईमुळे मरतात. मान टाकलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. ते काही दिवस आजारी असतं आणि त्याला आजारी माणसासारखंच वागवावं लागतं. म्हणजे सावली, बेतानं पाणी, हलकं पोट आणि आराम.

प्रश्न शंभर-दीडशे रुपयांच्या रोपाचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण कित्येक घरांत एखादी कुंडी अशी असते, की तिचं मोल पैशात होत नाही. दादींनी लावलेला मोगरा असतो, माहेराहून आणलेलं मेहंदीचं रोप असतं, जुनं घर पाडायला दिलं तेव्हा अंगणातून वाचवून आणलेलं लिंबू असतं. ते झाड गेलं की नर्सरीतून दुसरं आणता येतं, पण तेच आणता येत नाही. म्हणून आधी झाडाला नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

झाड मान का टाकतं?

झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नाही. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळाचं काम करतात. मातीतलं पाणी ओढून घेतात ती मुळांची कोवळी टोकं आणि त्यांच्याजवळचे केसासारखे बारीक तंतू. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना मूलरोम म्हणतात. हे तंतू फार नाजूक असतात. कुंडीतून झाड काढताना माती हलली, गोळा फुटला, की ते तुटतात. आपल्याला वरून काहीच दिसत नाही, पण झाडाची पाणी पिण्याची ताकद एका झटक्यात कमी झालेली असते.

तिकडे पानांचं काम थांबलेलं नसतं. पानांवर अतिशय बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. ऊन आणि वारा जितका जास्त, तितकी ती जास्त.

घरखर्चाचाच हिशेब लावून बघा. कमावणारा माणूस आजारी पडला, पगार अर्धा झाला, पण खर्च मात्र पहिल्यासारखाच चालू आहे. अशा वेळी शहाणं घर काय करतं? आधी खर्च कमी करतं आणि कमावणाऱ्याला बरं व्हायला वेळ देतं. झाडाचंही तेच. मुळं म्हणजे कमाई, पानं-फुलं म्हणजे खर्च. नवी मुळं फुटेपर्यंत खर्च कमी ठेवायचा. पुढचं सगळं या एकाच गोष्टीवर उभं आहे.

निम्मं काम आधीच होतं

झाड लवकर सावरावं असं वाटत असेल तर कुंडी बदलतानाच चार गोष्टी पाळा.

*वेळ.* आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस सुरू झाल्यावरचे दिवस उत्तम. हवेत ओल असते, ऊन सौम्य असतं, पानांतून पाणी कमी उडतं. थंडी सरतानाचा काळ, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, हाही चांगला. एप्रिल-मे शक्यतो टाळा. मालेगाव, जळगाव, औरंगाबाद, अकोला अशा भागांत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे नुकतंच हलवलेलं झाड गच्चीवर टिकणं कठीण. कोकणात हवा दमट असल्यामुळे थोडी सवलत मिळते, पण ऊन तिथेही कडकच. आणि हो, मे महिन्याच्या सुट्टीत गावी जायच्या आदल्या दिवशी कुंडी बदलू नका. बदलल्यानंतरचे दहा दिवस घरात कुणीतरी हवंच. दिवसातली वेळ संध्याकाळची ठेवा, म्हणजे झाडाला पूर्ण रात्र मिळते.

*कुंडीचा आकार.* "परत परत कशाला बदलायची?" म्हणून आपण एकदम मोठी कुंडी आणतो. इथेच गडबड होते. ८ इंची कुंडीतलं झाड १० इंचीत नेलं तर माती साधारण दुप्पट होते. तेच झाड १४ इंचीत नेलं तर माती पाच पटींहून जास्त होते. मुळं तेवढीच, पण भोवती ओल्या मातीचा ढीग. ते पाणी पिणारं कुणी नाही, म्हणून माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा संपते आणि मुळं कुजतात. लहान-मध्यम झाडाला २ इंच मोठी कुंडी पुरते. मोठ्या झाडाला ३-४ इंच.

*तळाचं भोक.* तळाला खडी, विटांचे तुकडे भरले की पाणी लवकर निघतं, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. खरं तर बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच थांबतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. मुलांना हे दाखवायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा. परत पाणी ठिबकू लागेल. उंची वाढली की पाणी जास्त निघतं. म्हणजे कुंडीत खडी भरून मातीची उंची कमी करणं तोट्याचं. भोकावर कौलाचा एक बाकदार तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवा, बस्स. रंगाचा डबा वापरत असाल तर तळाला पाच-सहा भोकं पाडा आणि डबा विटांवर ठेवा, म्हणजे भोकं फरशीला चिकटून बंद होत नाहीत.

*माती.* शेतातली काळी माती पिकाला सोनं असली तरी कुंडीत ती त्रास देते. ओली असताना चिकट, सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा भाताचा तूस, असं मिश्रण बहुतेक झाडांना चालतं. कोकोपीट दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. ते कुजताना गरम होतं आणि कोवळ्या मुळांना भाजतं.

झाड काढताना आणि लावताना

आदल्या दिवशी जुन्या कुंडीत नीट पाणी घाला. पाणी प्यायलेलं झाड धक्का जास्त सोसतं आणि ओला गोळा फुटत नाही. झाड खोडाला धरून ओढायचं नाही. कुंडी आडवी करून कडांवर थापटायचं, मग गोळा आपोआप सरकतो. पिशवी असेल तर कात्रीने उभी कापायची.

मुळं गोल-गोल फिरून गोळ्याला गुंडाळलेली असतील तर बोटांनी बाहेरची मुळं हलकेच मोकळी करा. तशीच ठेवली तर मोठ्या कुंडीतही ती गोलच फिरत राहतात. काळी पडलेली, दाबल्यावर लिबलिबीत लागणारी मुळं कापून टाका. बाकीच्यांना हात लावू नका.

झाड आधी जितकं मातीत होतं तितकंच परत ठेवायचं. "पक्कं बसावं" म्हणून खोड खोल पुरलं की ते मातीच्या ओलीनं कुजतं. गुलाब आणि लिंबाच्या कलमी रोपात खाली एक गाठ दिसते, तिथे कलम केलेलं असतं. ती गाठ मातीच्या वरच राहिली पाहिजे. कुंडी काठोकाठ भरायची नाही, वर दीड-दोन इंच जागा ठेवायची. माती बोटांनी दाबायची, ठोकून बसवायची नाही. मग तळातून निथळेपर्यंत पाणी घालायचं. पाणी मातीला मुळांशी चिकटवतं आणि मधल्या पोकळ्या बुजवतं.

उंच झाडाला लगेच काठीचा आधार द्या. वाऱ्याने खोड हललं की खालची नुकतीच फुटलेली मुळं पुन्हा तुटतात.

पहिले दहा दिवस

कुंडी अशा ठिकाणी ठेवा, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. गॅलरीचा आतला कोपरा, मोठ्या झाडाखालची जागा, हिरव्या जाळीखालची जागा. अंधाऱ्या खोलीत ठेवू नका. पानांना उजेड मिळाला नाही तर नवी मुळं वाढवायला लागणारं अन्नच तयार होत नाही. पश्चिमेच्या गॅलरीतलं दुपारनंतरचं ऊन आणि गच्चीवरचा तापलेला स्लॅब, हे दोन्ही या काळात नकोतच. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते आणि आतली मुळं शेकते, हेही ध्यानात असू द्या.

फुलं आणि कळ्या खुडून टाका. जीवावर येतं, पण एक फूल उमलवायला झाडाला पाणी आणि ताकद दोन्ही लागतात. मोडलेल्या, वाळलेल्या फांद्या काढा. मात्र "पानंच कमी करू" म्हणून निम्मं झाड छाटू नका. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न आणि इशारा याच पानांकडून, कोवळ्या शेंड्यांकडून खाली जातो. कुंडी बदलताना मुळं बरीच तुटली असतील तरच फांद्या थोड्या कमी करायच्या.

लहान, नाजूक रोपावर पारदर्शक पिशवीचा सैल तंबू करता येतो. आत ओल टिकते आणि पानं ताजी राहतात. दिवसातून एकदा पिशवी उघडायची आणि त्यावर ऊन अजिबात पडू द्यायचं नाही, नाहीतर आत झाड उकडून निघतं.

दहा दिवसांनी सकाळचं कोवळं ऊन तासभर दाखवा. दोन-तीन दिवसांनी दोन तास. असं करत दोन-तीन आठवड्यांत झाड मूळ जागी न्या. आणि या काळात कुंडी रोज इकडून तिकडे फिरवू नका. एक जागा धरायची आणि सब्र करायचा.

पाणी: इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात

पान लोंबलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. पण लोंबलेलं पान तहानेचंच असेल असं नाही. माती कोरडी असली तरी पान लोंबतं आणि माती चिखल झाली तरी पान लोंबतं. दुसऱ्या प्रकारात मुळांना हवा मिळत नसते, त्यामुळे पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलं राहतं. अशा झाडाला आणखी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्यावर बादली ओतणं.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट घाला. बोटाचं पहिलं पेर मातीत बुडवा. ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत घाला आणि खालच्या ताटलीत साचलेलं फेकून द्या. दुसरी खूण वजनाची. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा. हलकी आणि जड यातला फरक हाताला लवकर कळतो. घरात पाण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. चौघांनी प्रेमाने घातलेलं पाणी झाडाला जड जातं. पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंडीत पाणी साचत असेल तर तिला छपराखाली घ्या.

नर्सरीच्या रोपांत एक वेगळीच अडचण येते. बरीच रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात वाढवलेली असतात. आपण भोवती हलकी, भुसभुशीत माती घालतो. पाणी हलक्या मातीतून झरकन खाली जातं आणि मधला गोळा आतून कोरडाच राहतो. वरून माती ओली, तळातून पाणी निघतंय, तरी झाड सुकतंय, असं दिसलं तर संशय या गोळ्यावर घ्या. उपाय सोपा आहे. पहिले काही आठवडे पाणी खोडाजवळ, हळूहळू, दोन-तीन वेळा थांबून घाला. लावण्याआधीच गोळा बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून घेतला आणि बाहेरची माती थोडी मोकळी केली, तर ही वेळच येत नाही.

खत? थांबा!

आजारी माणसाला कुणी बिर्याणी वाढत नाही. नव्या कुंडीतल्या झाडालाही पहिले चार ते सहा आठवडे खत नको. मिश्रणात घातलेलं कुजलेलं शेणखत तेवढ्या दिवसांना पुरतं.

कारण स्वयंपाकघरातलंच आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की फोडींतलं पाणी बाहेर येतं. युरिया, डीएपीसारखी खतंही पाण्यात विरघळून मिठासारखंच काम करतात. जखमी मुळांभोवती त्यांचं प्रमाण वाढलं की मुळांना पाणी मिळायचं तर सोडाच, उलट मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होतात त्या यामुळेही.

घरगुती उपायांबद्दल आम्हाला पालक नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात:

- गोश्त किंवा मासे धुतलेलं पाणी: गुलाबाला चांगलं म्हणून बऱ्याच घरांत घालतात. सावरत असलेल्या झाडाला घालू नका. ते मातीत सडतं, वास सुटतो, मुंग्या-माश्या येतात.
- चहाचा चोथा: साखर-दुधाचा असेल तर बुरशी आणि मुंग्या. धुऊन, वाळवून, महिना-दीड महिन्यानंतर थोडा चालेल.
- अंड्याची टरफलं: विरघळायला फार वेळ घेतात. नुकसान नाही, पण आज मान टाकलेल्या झाडाला आज उपयोगही नाही.
- साखरेचं पाणी: माणसाला चक्कर आल्यावर देतात म्हणून झाडालाही देतात. झाड आपली साखर पानांत स्वतः बनवतं, मुळाशी ओतलेल्या साखरेने बुरशीचं फावतं.
- तांदूळ धुतलेलं पाणी: पाण्याऐवजी एखाद्या वेळी, ताजं आणि बिनमिठाचं, चालेल. औषध म्हणून नको.

झाड सावरतंय की जातंय, कसं ओळखायचं?

पहिल्या आठवड्यात दुपारी पानं लोंबली आणि रात्रीत परत ताठ झाली, तर काळजी नको. मुळं काम करतायत, फक्त दुपारचा खर्च झेपत नाहीये. खालची दोन-चार जुनी पानं पिवळी होऊन गळली, तरी हरकत नाही. झाड स्वतःच खर्च कमी करतंय. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पानगळ थांबते. बाहेरून काही घडत नाही असं वाटतं, पण हीच मातीखाली मुळं वाढायची वेळ असते. मग एक दिवस शेंड्याला किंवा पानाच्या बगलेत हिरवा ठिपका दिसतो. नवी पालवी आली आणि ती टिकली, की समजायचं झाड लागलं. काही झाडांना यासाठी दोन आठवडे पुरतात, काहींना दोन महिनेही लागतात.

काळजी कधी करायची? सकाळी उठल्यावरही पानं लोंबलेली असतील, कोवळे शेंडे काळे पडत असतील, खोड मातीजवळ मऊ लागत असेल, मातीला कुबट वास येत असेल, तेव्हा.

सगळी पानं गळाली तरी लगेच झाड फेकू नका. नखाने फांदीची साल किंचित खरडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर आणखी खाली खरडून बघा. वरची फांदी गेली तरी खालचं खोड हिरवं असू शकतं. तिथपर्यंत कापा आणि थांबा. कढीपत्ता, लिंबू, मेहंदी अशी झाडं पूर्ण उघडी होऊन पुन्हा फुटल्याचं कितीतरी घरांनी पाहिलेलं आहे.

बिघडतच चाललं तर

माती चिखल झाली असेल, वास येत असेल, तर फक्त तेव्हाच झाड पुन्हा बाहेर काढा. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, जितकी मुळं गेली तेवढ्या अंदाजाने फांद्या कमी करा, ताज्या, हलक्या मातीत आणि लहान कुंडीत लावा. हो, लहान. मुळं कमी उरली तर घरही छोटंच हवं. बाकी कुठल्याही कारणासाठी "मुळं फुटली का बघू" म्हणत झाड उपटायचं नाही. दर वेळी उपटलं की नवे तंतू तुटतात आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

माती दगडासारखी कोरडी झाली असेल, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जात असेल, तर अख्खी कुंडी पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बुडबुडे थांबले की काढा, निथळू द्या.

कुणाचा स्वभाव कसा?

*मोगरा* काटक आहे. मुळं थोडी मोकळी केलेली त्याला चालतात. फुलांच्या भर हंगामात मात्र हलवू नका.

*गुलाब* नर्सरीतून आणल्यावर आठवडाभर पिशवीतच, घरच्या हवेत राहू द्या, मग कुंडीत लावा. गोळा न फोडता लावलेला बरा.

*कढीपत्ता* आणि *लिंबू* मुळांना हात लावलेला फारसा सोसत नाहीत. पानं गाळून रुसतात. महिना-दीड महिना द्या.

*बोगनवेल* दिसते दणकट, पण तिची मुळं बारीक आणि ठिसूळ. मातीचा गोळा जसाच्या तसा उचलून ठेवायचा.

*कोरफड* आणि *स्नेक प्लांट* यांचा नियम उलटा. माती बदलल्यावर चार-पाच दिवस पाणीच घालायचं नाही. मुळांच्या जखमा सुकल्या की मग थोडं.

*पुदिना* आणि *मनी प्लांट* यांना धक्का नावापुरताच. आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा चालू.

जिवापाड जपलेल्या झाडासाठी एक खबरदारी

दादींचा मोगरा किंवा माहेरची मेहंदी हलवायची असेल, तर त्याआधीच दोन-चार फांद्यांची कलमं करून ठेवा. पेन्सिलीएवढी जाड, साधारण वीतभर लांब फांदी घ्या. खालची पानं काढा. दोन डोळे मातीत, दोन वर, अशी ती ओलसर, हलक्या मातीत सावलीत लावा. पावसाळ्यात चार ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात. सगळी नाही लागली तरी एखादी बहुधा लागते. ती फांदी म्हणजे तेच झाड, त्याच रक्ताचं. मोठ्या कुंडीतलं झाड दगावलं तरी घरातला तो सुगंध जात नाही. घर बदलताना नात्यातल्या दोन घरांत एकेक कलम देऊन ठेवलं तर आणखी उत्तम.

मुलांच्या हाती द्या

आम्ही शिक्षक म्हणून पालकांना एक सुचवतो. कुंडी बदललेल्या दिवशी तिच्यावर खडूने तारीख लिहा आणि घरातल्या एका मुलाला वही द्या. त्यात रोज एकच ओळ लिहायची: बोट घातलं, माती ओली की कोरडी, पाणी घातलं की नाही, पानं सकाळी कशी होती. महिनाभराने ती वही वाचली की मुलाला कळतं, की ज्या दिवसांत वरून काहीच दिसत नव्हतं त्याच दिवसांत मातीखाली सगळं चाललेलं होतं. पुस्तकातला मुळांचा धडा त्याला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

आणि तुमच्या जिन्याखाली एखादी "मेलेली" कुंडी पडून असेल, तर आज संध्याकाळी जाऊन तिची साल नखाने खरडून बघा. हिरवं दिसलं तर सावलीत आणा, बोट घालून पाणी द्या आणि महिनाभर तिला छेडू नका.